नावामागची काळी पट्टी

मोठे साहेब निवृत्त होणार होते आणि निरोपाच्या व्हिडिओत सुरुवातीलाच त्यांचं नाव कसं दिसावं, यावर ऑफिसात एकमत होत नव्हतं. व्हिडिओ बनवणाऱ्या बाईंना सगळे व्हिडिओताई म्हणत. त्या कंत्राटी होत्या, त्यामुळे सगळ्यांचं ऐकणं त्यांच्या कामातच धरलेलं होतं.

ताईंनी आधी साधी पांढरी अक्षरं टाकली होती. छान दिसत होती. पण उपप्रमुख खुर्ची ओढून शेजारी बसले आणि एवढ्या वर्षांची सेवा पांढऱ्या अक्षरांत मावते का, असं विचारू लागले. अक्षरं सोनेरी झाली. नावामागच्या फोटोत साहेबांचा शर्ट पिवळा. त्यात सोनेरी नाव असं विरघळलं की नुसत्या वेलांट्या उरल्या. म्हणून लेखापालांनी अक्षरांना सावली द्यायला सांगितली. सावली आल्यावर एक साहेब जाताहेत आणि त्यांच्या मागे दुसरे उभेच आहेत असं वाटू लागलं, आणि ते कोणालाच सोसणारं नव्हतं. मग फोटोच कृष्णधवल करायचा आणि नावामागे पट्टी घालायची असं ठरलं. लाल पट्टी धोक्याची वाटली, निळी कामगार संघटनेची, गोल कोपऱ्यांची तर साबणाच्या वेष्टनासारखी. शेवटी काळी, चौकोनी पट्टी पास झाली. तिला शोभेल अशी फोटोभोवती काळी चौकट आली. आस्थापनेच्या बाईंनी खाली दोन कोपऱ्यांत फुलं बसवून घेतली आणि वर ‘भावपूर्ण निरोप’ लिहायला लावलं.

“आता कसं भारदस्त वाटतंय,” उपप्रमुख म्हणाले.

ताईंना काहीतरी खटकत होतं. पण एकेक गोष्ट रीतसर मंजूर झाली होती. सगळं मिळून कसं दिसतं ते बघणं कोणाच्याच अखत्यारीत नव्हतं.

व्हिडिओ सगळ्या शाखांच्या ग्रुपवर गेला. तिथं तो उघडून बघायची तसदी कोण घेणार? पहिलं चित्र तेवढं सगळ्यांना दिसलं, आणि बघता बघता जोडलेल्या हातांची रांग लागली. एका शाखेनं उभं राहून शांतता पाळली. दुसरी अर्धा दिवस बंदच झाली. एका शाखाधिकाऱ्यानं घरच्यांचं सांत्वन करावं म्हणून थेट साहेबांच्याच नंबरवर फोन लावला आणि आवाज ऐकून, आपण त्यांचे धाकटे बंधू का, असं विचारलं. साहेबांनी, का कोण जाणे, हो म्हटलं.

इकडे उपप्रमुखांनी जाहीर केलं की ती पट्टी त्यांना पहिल्यापासूनच पसंत नव्हती. लेखापालांना तेवढ्यात बँकेत काम निघालं. केबिनमध्ये बोलावणं आलं ते ताईंना.

कंत्राट गेलंच असं धरून ताई आत जाऊन उभ्या राहिल्या. साहेब मोबाईलवर बोट फिरवत होते आणि त्यांचे डोळे ओलावले होते.

“हा बघा,” ते म्हणाले, “यानं माझ्याविरुद्ध वर तक्रार केली होती. आता लिहितो, असा न्यायी माणूस पाहिला नाही. आणि हा, समोर आला तर मान फिरवायचा. म्हणतो, डोक्यावरचं छत्र गेलं.”

ताईंनी चूक कबूल केली. आत्ताच्या आत्ता व्हिडिओ ग्रुपवरून काढून टाकते आणि साहेब सुखरूप असल्याचं सगळ्या शाखांना कळवते, असंही सांगितलं.

साहेबांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला, दार नीट लागलंय ना ते पाहिलं आणि आवाज खाली आणला.

“कळवायलाच हवं,” ते म्हणाले. “पण जेवणाच्या सुट्टीनंतर कळवा. मुख्य कार्यालयाचं अजून काही आलेलं नाही.”