दगडूअण्णांचे गोल

सकाळी दूध घ्यायला दार उघडावं, तर उंबऱ्यापाशी दगडूअण्णा कागद धरून उभे. कशा आहात, बऱ्या आहात का, काही नाही. थेट, "बाई, ह्यातली चूक काढा."

कागदावर नुसते गोल. काही बटाट्यासारखे, काही पोट सुटलेले.

अण्णा एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. पाथर्डीच्या आमच्या गल्लीत समोरच राहतात. मी शाळेत चित्रकला शिकवते, एवढ्या अपराधावरून त्यांनी मला गाठलं. "मला चित्र काढायचंय. पार पहिलीपासून शिकवा." मी सांगितलं, आधी सरळ रेघा, मग गोल, मग घरातल्या वस्तू.

सुरुवातीला मी सवयीनं 'छान' म्हणायचे. अण्णा भडकले. "छान काय छान? गाडी डेपोत नेली तर मेकॅनिक छान म्हनतो का? कुठं वाजतंय ते सांगतो!"

मग मी नीट पाहिलं. "मनगटानं काढताय, म्हणून गोल दबतोय. खांद्यातून हात फिरवा."

अण्णांनी हवेत हात फिरवला आणि चेहरा उजळला. "म्हंजी स्टिअरिंग! आधी सांगायचं की!" दुसऱ्या दिवशी गोल सुधारले. फक्त कागदात मावेनात.

माझ्या एकटीच्या मतावर त्यांचा भरवसा नव्हता. स्टँडवरचा चहावाला त्यांनी काढलेला कप बघून "लई भारी" म्हणाला, तर अण्णांनी त्याच्याकडचा चहाच बंद केला. "त्यो तोंडदेखलं बोलतो." औषधाच्या दुकानदारानं तोच कप पाहून विचारलं, "अण्णा, ही म्हैस हाय का?" त्याच्यावर मात्र बेहद्द खूश. "मानूस खरा हाय. कपाचा कान शिंगावानी झालाय, बराबर धरलं त्यानं."

एकदा मी म्हटलं, "मोबाईलवर बघून काढा की, सोपं जाईल."

"मोबाईलातला कप कुनाचा? मला आमच्या घरातला पायजे."

मग एके दिवशी अण्णा आलेच नाहीत. दुसऱ्या दिवशीही नाहीत. समोरचं दार नुसतं लोटलेलं. मला राहवेना. शाळेतून आल्यावर गेले.

आत त्यांच्या पत्नी, सुमनकाकू, खाटेवर टेकून बसल्या होत्या. अर्धांगाच्या झटक्यानं त्यांची उजवी बाजू आणि वाचा गेली, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं. खाटेसमोरची भिंत मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते. भिंतभर अण्णांचे कागद चिकटवलेले. कप, तांब्या, उशी, खिडकी, लेकीचा चेहरा. काकूंनी बोट दाखवायचं आणि अण्णांनी ते आणून द्यायचं. लेकीवर बोट ठेवलं की फोन लावायचा.

"कालपासून कायतरी मागती," अण्णा रडकुंडीला आले होते. "समद्या कागदांना न्हाई म्हनती. जेवतबी न्हाई. आता काय काढू, तेच कळंना."

"त्यांनाच पेन्सिल द्या ना," मी म्हटलं.

काकूंनी डाव्या हातात पेन्सिल धरली. थरथरत एक गोल काढला. त्याला चिकटून दुसरा.

"भाकर?" नाही. "ताट? चाक?" नाही, नाही. काकूंनी चिडून पेन्सिल टाकली आणि डावा हात अण्णांच्या नाकासमोर धरला. मनगट रिकामं होतं.

अण्णांनी कपाळावर हात मारला. "बांगड्या! आगं, दवाखान्यात काढल्या, त्या म्याच कपाटात ठिवल्या!"

हिरव्या बांगड्या आल्या. तेलाचा हात लावून, फुटतील या भीतीनं श्वास रोखून, अण्णांनी एकेक चढवली. काकूंनी मनगट हलवलं. किणकिण झाली आणि त्या हसल्या. तिरकं, अर्ध्या तोंडानं, पण आवाज करून.

"झटक्यापासनं हसली नव्हती," अण्णा म्हणाले आणि टोपीनं डोळे पुसले.

मी ताट वाढून आणलं. काकू पोटभर जेवल्या. मग त्यांनी कोरा कागद स्वतःच पुढं ओढला आणि पेन्सिलीसाठी हात पसरला.

अण्णा खाटेच्या कडेला मांडी घालून बसले. "काढ," म्हणाले. "सावकाश काढ. मला कुठं जायचंय?"