मधलं रिकामं घर

एका जंगलात ठकूबाई साळू राहायची, आणि तिचं बोलणं कुणीच खरं मानत नव्हतं. बाळांनो, तुम्हीही लगेच मानू नका. आधी तिचे काटे बघा. तोंड उघडलं की अंगावरचे सगळे काटे उभे. अशा बाईचं कोण ऐकणार?

ती सांगत सुटली होती की माझी चिंगी शाळेत उपाशी राहते. शेजारची घोरपड म्हणाली, वाढत्या अंगाची पोर आहे, हाडं दिसायचीच. ठकूबाईनं विचारलं, वाढत्या अंगाची पोर गेल्या उन्हाळ्यापेक्षा हलकी कशी झाली? घोरपडीनं डोळे मिटून घेतले. ते तिला छान जमायचं.

आता शाळेचं ऐका. तिथं बगळे गुरुजी रोज सकाळी स्थानिक किमतीचा सराव घेत. रोज म्हणजे रोज. मैदानावर चुन्यानं तीन घरं आखलेली. उजवीकडचं एककाचं, मधलं दशकाचं, डावीकडचं शतकाचं. एककाच्या घरात पोर उभं राहिलं की ते एक धरायचं. तेच पोर दशकात गेलं की दहा, शतकात गेलं की शंभर. पोर तेच, किंमत जागेची. मोठेपणी हे ज्ञान तुम्हाला फार उपयोगी पडेल.

शाळेत पोरं होती एकशे पाच. म्हणून शतकात एक पोर उभं राही, एककात पाच, आणि मधलं घर रिकामं. वरून घार जायची. ती घरं बघायची आणि टेकडीवरच्या कोठारात हत्तीला आकडा सांगायची. हत्ती तेवढ्या तोंडांना पुरतील इतके उकडलेले हुलगे पाठवायचा. एका सरावात गणितही व्हायचं आणि जेवणही यायचं. व्यवस्था खरंच चांगली होती. म्हणूनच टिकली नाही.

एकदा तपासणीला तरससाहेब आले. तरस हसतात, पण म्हणून ते खूश असतात असं नाही. साहेबांनी मधल्या घराकडे बघितलं, हसले आणि विचारलं, हे रिकामं का? शाळेत एवढी पोरं असताना एक अख्खं घर ओस पाडलंय, हा आळस कुणाचा?

गुरुजी एका पायावर उभे होते, ते दुसऱ्या पायावर आले. साहेब, रिकामं राहणं हेच त्या घराचं काम, एवढं त्यांना सांगता आलं असतं. पण त्यांची बढती साहेबांच्या पंजात होती. त्यांनी मधलं घर पुसलं, शतकाच्या घराची रेघ आत ओढली आणि तिथल्या पोराला म्हणाले, "सरक रे, जागा भरून घे."

आता घरं दोन आणि दोन्ही भरलेली. दिसायला किती नीटनेटकं. साहेबांनी 'आदर्श सराव शाळा' अशी पाटी दिली. ती वडाला टांगली.

दुसऱ्या दिवशी घारीला वरून पंधरा दिसले. घार प्रामाणिक, तिनं पंधरा सांगितले. हत्तीही प्रामाणिक, त्यानं पंधराजणांचे हुलगे पाठवले. एवढ्या सगळ्या प्रामाणिकपणात नव्वद पोरं उपाशी राहिली. पुढं बसणारी जेवायची. चिंगीला मागं बसवलेलं, कारण तिचे काटे टोचतात.

ठकूबाई गुरुजींकडे गेली. तिलाही लहानपणी त्यांनीच शिकवलं होतं. मधलं घर बुजवलं म्हणून याच मैदानावर तिला चोचीचा प्रसाद मिळाला होता. तिनं त्याची आठवण करून दिली. गुरुजींनी मान आत ओढली. म्हणाले, "ठकू, धड्यात तुझं बरोबर आहे. पण आता पाटी लागली आहे ना."

मग ती तरससाहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, आकड्याप्रमाणे शाळेत पंधरा पोरं आहेत आणि पंधराही जेवतात, तर उपाशी कोण? तिनं मैदानाकडे बोट दाखवलं. तिथं नव्वद पोरं सावलीला गप्प पडली होती. साहेब हसले. ही पोरं असतील, पण आकड्यात नाहीत, म्हणाले.

त्या दिवशी घरी चिंगीनं खायला मागितलं नाही. नुसती निजून राहिली. मग मात्र ठकूबाईचं डोकं फिरलं.

सकाळी सरावाआधीच ती चुना घेऊन मैदानावर हजर. तिनं मधलं घर पुन्हा आखलं आणि शतकाच्या पोराला ढकलत त्याच्या जुन्या जागी नेऊन उभं केलं. गुरुजी रेघा पुसायला धावले, घर रिकामं दिसतंय म्हणून. तशी ठकूबाई स्वतःच आत जाऊन बसली, सगळे काटे ताठ करून.

"रिकामं चालत नाही ना तुम्हाला? घ्या. भरलं."

तिला हात लावायची कुणाची छाती झाली नाही. घारीला वरून एकशे पंधरा दिसले. हुलगे आले तेही एकशे पंधरांचे. सगळी पोरं जेवली. चिंगी तर जेवता जेवता बसल्या जागी झोपली, तोंडात घास तसाच.

दहाजणांचे हुलगे उरले. घोरपड कानाशी येऊन म्हणाली, ठकू, घरी ने, कुणाला कळत नाही. ठकूबाईनं ते पोत्यात बांधले आणि घारीबरोबर कोठारात परत पाठवले. सोबत निरोप दिला की दहाजणांचं जास्त आलं होतं.

हत्ती मटकन खालीच बसला. कोठार बांधल्यापासून तिथं काही परत आलं नव्हतं. यात नक्की घोटाळा आहे, असं त्यानं ओळखलं आणि चौकशी लावली. नव्वद पोरं उपाशी होती तेव्हा चौकशी लागली नव्हती, कारण तेव्हा काही उरलंच नव्हतं.

चौकशीला कोण? तरससाहेब. हत्ती म्हणाला, सांगितले तेवढे पाठवले. घार म्हणाली, दिसले तेवढे सांगितले. गुरुजी म्हणाले, हुकूम झाला तसं शिकवलं. सगळे आपापल्या जागी बरोबर निघाले. मधलं घर पुसून टाकलं. वडावरची पाटी धुऊन पुन्हा टांगली. दुसऱ्या दिवशी हुलगे आले, पंधरांचे. चिंगी मागं बसली.

तात्पर्य: बाळांनो, रिकाम्या जागेलाही किंमत असते असं तुम्ही म्हणाल. म्हणू नका, मार्क जातील. पोट रिकामं असलं तरी चालतं, घर रिकामं दिसता कामा नये. आणि उरलेलं कधी परत करू नये, चोर तिथंच सापडतो. उद्याच्या सरावात पहिला प्रश्न हाच येणार आहे की पोरांच्या जेवणात घोटाळा कुणी केला. उत्तर वळणदार अक्षरात, मधे कुठंही जागा न सोडता लिहायचं: ठकूबाई साळू.