यंत्र क्रमांक चार

कोणतीही वास्तू वर जाण्याआधी कुणाला तरी खाली जावं लागतं, हे बांधकामशास्त्रातलं सनातन सत्य आहे. खाली नेमकं कोणी जायचं, याबाबत मात्र शास्त्र मौन बाळगतं. भिवंडीत, नारपोलीच्या कष्टसाफल्य मजूर सहकारी संस्था मर्यादित या संस्थेने हा प्रश्न पूर्वीच निकालात काढला होता. संस्थेचे एकशे सात सभासद होते आणि नियमाप्रमाणे सगळेच्या सगळे मजूर होते. त्यांत दोन औषधविक्रेते, एक निवृत्त मुख्याध्यापक, एका मंगल कार्यालयाचे मालक आणि अध्यक्ष चांगदेव शेठ यांच्या घरचे अकरा मजूर (पैकी एक पुण्यात संगणक अभियंता) यांचा समावेश होता. अंतर्गत पाहणीनुसार अठ्ठ्याण्णव टक्के सभासदांनी फावडं जवळून पाहिलेलं होतं. उरलेले दोन टक्के, म्हणजे सावळ्या आणि त्याची बायको चंद्रा, ते चालवत असत.

संस्थेचा सचिव सुगत हा पगारी माणूस होता. त्याच्या आईने, कमळाबाईने, वीस वर्षं डोक्यावर घमेली वाहून त्याला पदवीपर्यंत शिकवलं होतं. घमेल्याचं वजन त्याला ठाऊक होतं, म्हणूनच तो कागदाकडे वळला होता. कागद तो फार चोख लिही. संस्थेत काम होवो न होवो, इतिवृत्त वेळेवर होई.

याच इतिवृत्तात दोन वर्षांपूर्वीची एक नोंद आहे. चर खणताना बाजूची माती सरकली आणि सावळ्याचा डावा गुडघा तिच्याखाली सापडला. संस्थेने तातडीची सभा घेऊन सहानुभूतीचा ठराव एकमताने मंजूर केला आणि त्याची प्रत सावळ्याला घरपोच दिली (सावळ्याला वाचता येत नाही, पण प्रत स्वच्छ होती). डॉक्टरांनी सांगितलं, शस्त्रक्रिया करा, नाहीतर दोन-तीन वर्षांत पाय कायमचा जाईल. सुगतने नियमावली तीनदा चाळली. मजुराच्या गुडघ्यासाठी तीत तरतूद नव्हती. तेव्हापासून सावळ्या वज्रेश्वरीकडच्या पाड्यावरून एसटीने येई आणि खड्ड्यात उतरताना आधी उजवा पाय टाकी. गुडघ्याने दिलेले दिवस सरत आले होते, हे त्याला माहीत होतं आणि सुगतलाही.

अशात निजामपुऱ्यातल्या यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, एका गल्लीत एकशे दहा फूट गटार खणायचं काम महापालिकेकडून संस्थेला मिळालं. हे आणि वर्षभरातली अशीच किरकोळ कामं सुयोग्य लहान यंत्र भाड्याने घेऊन करावीत, अशी अट होती. यंत्रभाड्याची रक्कम मंजूर होती आणि एकतीस मार्चला ती परत जाणार होती. सबब यंत्र निवड समिती नेमण्यात आली. छोटी पोकलेन कशी निवडावी, याबद्दल लोकांत फार अज्ञान आहे. लोक सरळ जाऊन बघतात आणि घेऊन येतात. समितीने तसा उतावीळपणा केला नाही. तिने सहा बैठका घेऊन पुढील निकष ठरवले: वजन, रुंदी, खोदाईची खोली, जागच्या जागी वळण्याची क्षमता, पाठचा भाग वळताना भिंतीला घासतो की नाही, आवाज, आणि उद्घाटनाच्या वेळी हार घालण्यास सोयीची जागा. शेवटच्या निकषाला सर्वाधिक गुण होते. रंगाचा निकष दोन बैठका चालला आणि पिवळा सोडून दुसरा रंगच बाजारात नाही, हे कळल्यावर एकमताने पिवळा ठरला.

यंत्रं पुरवणारा मितेश हा अतिशय सभ्य विक्रेता होता. त्याने तीन यंत्रांची माहितीपत्रकं मांडली. पहिलं साडेतीन टनांचं, दुसरं पावणेदोन टनांचं, तिसरं एक टनाचं.

"शेठ, ये तिसरा देखो," तो म्हणाला. "रबरी पट्टे आहेत, लादी फुटणार नाही. पाठ बाहेर येतच नाही, जागेवर गोल फिरतं. पण गल्ली किती रुंद आहे ते आधी सांगा. सगळं त्याच्यावर आहे."

"सुगत, गल्ली मोजून ये रे," चांगदेव शेठ म्हणाले.

सुगतने गल्ली मोजली. शुक्रवारी मोजली, कारण शुक्रवारी लूम बंद असतात आणि टेप धरायला जागा मिळते. गल्ली साडेपाच फूट भरली. भिवंडीत जन्मलेल्या माणसाने ही चूक करावी, याचं त्याला पुढे फार वाईट वाटलं. पण टेप खोटं बोलत नाही, एवढाच विचार त्याने त्या वेळी केला होता.

प्रात्यक्षिक सोमवारी ठेवलं. सोमवारी गल्लीत दोन्ही भिंतींना टेकून सूत गुंडाळलेले लोखंडी बीम उभे होते, बॉबिनची पोती होती, कापडाचे तागे होते, एक हातगाडी होती, आणि रात्रपाळी करून आलेले तीन कारागीर बाजांवर झोपले होते. गल्ली आता अडीच फूट होती, आणि सर्वांत लहान यंत्र सव्वातीन फूट. मितेशने एका कारखानदाराला बीम हलवायची विनंती केली.

"हटा दूँगा," कारखानदार शांतपणे म्हणाला. "जुम्मे को आना."

तिन्ही यंत्रं गल्लीच्या तोंडाशी ओळीने उभी राहिली. समितीचे सदस्य त्यांच्यासमोर ओळीने उभे राहिले. मागे दोनशे नागरिक जमले, कारण पोकलेन उभी असली तरी बघण्यासारखी असते. नाचता येईना अंगण वाकडं म्हणतात, पण इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, त्यामुळे यंत्रांना दोष देता येईना.

यंत्राची तुलना मानवी श्रमाशी करून तक्त्यात लिहावी, असा नियम आहे. त्यासाठी सावळ्याला बोलावलेलं होतं. तो आडवा होऊन बीमांमधून आत गेला, आधी उजवा पाय, मग हाताने धरून डावा, आणि खणायला लागला. यंत्रांची पाहणी चहापर्यंत चालली. तोवर सावळ्याने नऊ फूट गटार खणलं, वाटेत पाण्याचा जुना पाइप लागला तेव्हा आपणहून थांबला, भोवतालची माती बोटांनी काढली आणि पुढे गेला. मितेशने ते पाहिलं आणि आपल्या माहितीपत्रकाची घडी घातली.

संध्याकाळी सुगत तक्ता भरायला बसला. समितीच्या सह्या कोऱ्या तक्त्यावर आधीच घेतलेल्या होत्या (सदस्य कामाची माणसं असतात). तक्त्यात चार रकाने होते आणि चौथ्यावर 'तुलनेसाठी' असं लिहायचं असे, पण छापताना तिथे 'यंत्र क्र. ४' आलं होतं. सुगतने प्रामाणिकपणे भरलं. रुंदी: खांद्यापाशी दीड फूट. जागच्या जागी वळतं का: होय. पाठ घासते का: नाही. लादी फुटते का: नाही. आवाज: क्वचित खोकला. इंधन: दोन भाकऱ्या, चहा. हार घालण्यास जागा: उत्तम. बेरीज केली तेव्हा चौथा रकाना एकशे बारा गुणांनी पुढे होता. काखेत कळसा आणि समितीचा गावाला वळसा.

"आता?" चांगदेव शेठनी विचारलं. तो दिवस एकोणतीस मार्च होता.

"सह्या झाल्यात शेठ. तक्ता बदलायचा तर परत समिती नेमावी लागेल."

"आणि पैसे?"

"परवा परत जातील."

शेठनी क्षणभर विचार केला. त्यांची निर्णयक्षमता परिसरात विख्यात होती. "मग चार नंबरच घे," ते म्हणाले.

अशा रीतीने सावळ्या वर्षभरासाठी छोटी पोकलेन म्हणून रुजू झाला. यंत्रभाड्याचा करारनामा छापील होता आणि सुगतने तो ऑफिसच्या वेळेतच, आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण वाचला. त्यात कलमं अशी होती: यंत्राला राहत्या जागेपासून कामापर्यंत वाहनाने आणावं व परत पोचवावं. दर दोन तासांनी यंत्र थंड होऊ द्यावं. दुपारी उन्हात ठेवू नये. बाजूच्या मातीला टेकू दिल्याशिवाय तीन फुटांखाली उतरवू नये. यंत्रासोबत स्वतंत्र ऑपरेटर असावा. अडीचशे तास भरताच सर्व्हिसिंग करावी आणि झिजलेले सांधे संस्थेच्या खर्चाने दुरुस्त करावेत.

सुगतने शेवटचं कलम बोटाने परत वाचलं. मग दवाखान्यात जाऊन, सर्व्हिसिंग कधी करता येईल, ते विचारून आला. डॉक्टर म्हणाले, अडीचशे तास भरतील त्या सुमाराला, जूनमध्ये, शस्त्रक्रियेला जागा आहे. आपण शिकलो ते फुकट गेलं नाही, असं सुगतला त्या दिवशी वाटलं, आणि घरी जाऊन त्याने आईला हे सांगितलंही.

ऑपरेटर म्हणून चंद्राची नेमणूक झाली. करारानुसार ऑपरेटरने वजन उचलायचं नसतं, त्यामुळे तिच्या डोक्यावरचं घमेलं गेलं आणि तिला बसायला स्टूल मिळालं. तिने फक्त कुठे खणायचं ते सांगायचं होतं.

"ते त मी पयल्यापास्नं सांगतेच हाय," चंद्रा म्हणाली. "आयकत न्हाय त्यो."

दोन महिने टेम्पो पाड्यावर जाऊन यंत्र घेऊन येऊ लागला. गटार झालं, एक शौचालयाची टाकी झाली, पाण्याची लाइन सुरू झाली. चराला फळ्यांचे टेकू लागले. दुपारी सावळ्या ताडपत्रीखाली आडवा होई आणि शेजारी 'यंत्र विश्रांतीत आहे' अशी पाटी असे. ती पाटी पाहून लोक हळू बोलत. पूर्वी याच लोकांनी झोपलेल्या सावळ्याला पायाने हलवून उठवलं होतं, पण तेव्हा तो मजूर होता.

दोनशे एकतीस तास भरले, त्या दिवशी लेखापरीक्षक रंजिता मॅडम तपासणीला आल्या. त्या अत्यंत सहृदय अधिकारी होत्या. यंत्र दाखवा म्हणाल्या. सुगतने दाखवलं. यंत्र उठून उभं राहिलं आणि त्याने नमस्कार केला.

मॅडमचा चेहरा लाल झाला. "हा माणूस आहे," त्या म्हणाल्या. "जिवंत माणसाला तुम्ही यंत्र म्हणून वापरता? लाज नाही वाटत तुम्हाला?"

सुगतला खरंच लाज वाटली. "मॅडम, त्याचा गुडघा..." तो म्हणाला.

"गुडघ्याचं मला सांगू नका. प्रश्न माणुसकीचा आहे." आणि त्यांनी तिथेच, चराच्या काठावर, शेरा लिहिला: सदर इसम हा मनुष्य असल्याचे प्रत्यक्ष पाहणीत आढळले. सबब त्यास तत्काळ प्रभावाने मजूर समजण्यात यावे व यंत्रास देय सर्व सुविधा बंद कराव्यात.

सुगतने शेरा सावळ्याला वाचून दाखवला. सावळ्याने बोटांवर हिशेब केला.

"बाई," तो म्हणाला, "येकोणीस तास ऱ्हायलेत. तवर यंत्र ऱ्हाऊ द्या मना. मंग करा माणूस."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी आलं. पण माणसाची प्रतिष्ठा अशी तासांवर ढकलता येत नाही, असं त्या म्हणाल्या आणि ते नियमाला धरून होतं. चांगदेव शेठनी समयसूचकता दाखवून हार मागवला आणि सावळ्याच्या गळ्यात घातला. टाळ्या झाल्या. चंद्राने स्टूल परत केलं आणि पावती घेतली. टेकूच्या फळ्या टेम्पोत चढल्या. सुगतने दवाखान्यात फोन करून जागा रद्द केली. गुडघा आता संस्थेचा राहिला नव्हता, सावळ्याचा होता.

दुसऱ्या दिवशी सावळ्या एसटीने वेळेवर आला आणि टेकू नसलेल्या चरात उतरला, आधी उजवा पाय, मग हाताने धरून डावा. पाण्याची लाइन चार दिवसांत पूर्ण झाली. ती शेवटचीच ठरली, त्यानंतर त्याला उतरता आलं नाही. संस्थेने तातडीची सभा बोलावली आहे.

इथे वाचकाला रंजिता मॅडमचा राग आला असेल, शेठचा आला असेल, थोडा सुगतचाही. वाचक संवेदनशील आहे. गेल्या वर्षी त्याच्या इमारतीच्या दारात केबलसाठी चर खणला, तेव्हा छातीएवढ्या खोल खड्ड्यात एक माणूस दोन दिवस उभा होता. वाचकाने गॅलरीतून वाकून त्याला एकच प्रश्न विचारला होता, हे बुजवणार कधी. प्रश्न रास्तच होता, गाडी बाहेर काढायची होती.