वॅक्स मऊ करण्याची शास्त्रशुद्ध पद्धत

"गाडीला वॅक्स लावणं म्हणजे टोस्टला लोणी लावण्याइतकं सोपं," एक्स्पर्ट म्हणाले आणि पटवून द्यायला त्यांनी हातातल्या टोस्टला लोणी लावलं. टोस्ट मोडला.

गल्लीत त्यांना सगळे एक्स्पर्ट म्हणत. कुणाचा नळ गळू लागला की लोक त्यांना बोलवत नसत, तेच जात. मग लोक प्लंबरला बोलवत. नोकरीतून मोकळे झाल्यापासून तर त्यांच्या हातून घरातली एकही धडधाकट वस्तू सुटली नव्हती.

आज पाळी गाडीची होती. संध्याकाळी दातांचे डॉक्टर ती बघायला येणार होते, आणि आवडली तर लगेच घेऊन जाणार होते. गाडी निळी, जुनी. मागच्या दारावर लेकीने लहानपणी किल्लीने कोरलेला ससा. बायको हिच्यावरच गाडी शिकली होती, आणि चार दिवसांच्या लेकीला दवाखान्यातून घरी आणलं ते हिच्यातूनच. ती विकायचं एक्स्पर्टच्या मनात कधीच आलं नव्हतं. पण मागे एकदा स्टिअरिंग वळवताना बायकोने खांदा दाबून धरलेला त्यांनी पाहिला होता, आणि तेव्हाच मनाशी ठरवलं होतं, की ही जड गाडी जाणार आणि हलकी येणार. का विकतोय, ते कुणाला सांगायचं नाही. फक्त जाताना तिने सासरी निघालेल्या लेकीसारखं नटून जावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

"कितपत उजळेल ती?" बायकोने विचारलं.

"डॉक्टर तिच्यात बघून भांग पाडतील."

"म्हणजे घेतीलच."

"घेतीलच."

बायकोने बश्या गोळा केल्या आणि ती आत गेली.

"अगं, वॅक्सचा डबा सापडत नाहीये," थोड्या वेळाने एक्स्पर्ट गॅरेजमधून ओरडले.

"आणते," ती म्हणाली, आणि बराच वेळ लावून तिने डबा आणून दिला.

बाहेर ऊन मी म्हणत होतं, आणि डबा मात्र थंडगार. वरून पाण्याचे थेंब ओघळत होते. एक्स्पर्टनी झाकण उघडून अंगठा दाबला. नख मोडलं. चमचा घातला, तो वाकला. वॅक्स कसलं, पाटा होता तो.

लेकीचा फोन आलाच होता, तो त्यांनी स्पीकरवर टाकला.

"एवढ्या उन्हात डबा गार कसा, बाबा?"

"जुनं वॅक्स आतून थंड पडतं. माणसासारखंच."

बायको दारात उभी होती. तिला अचानक वाळत घातलेले कपडे आठवले.

"डब्यावर सूचना असतील ना," लेक म्हणाली.

"सूचना नवशिक्यांसाठी असतात."

"मग माझं ऐका. थोडा वेळ कोमट पाण्यात ठेवा, नाहीतर उन्हात. लोण्यासारखं मऊ झालं की बास. पातळ करू नका, आणि पातळ थर लावा."

"पातळ करू नको आणि पातळ लाव. आधी तुझं काय ते ठरव," असं म्हणून एक्स्पर्टनी फोन ठेवला. कोमट पाण्यात लवकर काम होतं, तर उकळतं पाणी आणखी लवकर करेल, असा त्यांचा साधा हिशेब होता. त्यांनी पातेल्यात पाणी उकळायला ठेवलं, त्यात डबा सोडला आणि स्पंज शोधायला गेले.

स्पंज सापडेपर्यंत घरभर असा वास सुटला, की शेजारच्यांनी खिडक्या लावून घेतल्या. बायको धावत आली आणि तिने गॅस बंद केला.

"अहो, घर पेटवताय की काय? असली वस्तू आगीवर ठेवतात?"

"पण मऊ झालं की नाही ते बघ."

मऊ कसलं, त्याचं सूप झालं होतं. डबा उचलताना एक्स्पर्टचं बोट भाजलं, ते त्यांनी खिशात लपवलं. स्पंज पातळ वॅक्समध्ये टिकेना, म्हणून त्यांनी भिंत रंगवायचा ब्रश काढला आणि सावलीत उभ्या गाडीवर वरपासून खालपर्यंत दोन हात मारले. गाडी ओली असेपर्यंत अशी चमकली, की त्यांचे डोळे भरून आले.

मग वॅक्स थिजलं. बॉनेटवर पांढरट साय धरली, दारांवरून मेणबत्तीसारखे ओघळ लोंबू लागले. पुसायला त्यांनी हाताला लागला तो टॉवेल घेतला. तो नेमका नवाकोरा, पिवळा आणि लवदार निघाला. त्याची सगळी लव वॅक्सने ओढून घेतली. थर पुन्हा मऊ करावा म्हणून एक्स्पर्टनी बायकोचा हेअर ड्रायर आणला. त्याने वॅक्स मऊ झालं, हे खरं. पण त्याच्या वाऱ्याने गॅरेजमधला भुसा आणि अंगणातला पाचोळाही उडाला आणि येऊन गाडीला बिलगला. शेवटी शेजारचं मांजर ऊब बघून बॉनेटवर चढलं, चार पावलं चाललं, पंजे झटकत खाली उतरलं आणि एक्स्पर्टकडे रागाने बघत निघून गेलं.

आणि वेळेआधीच डॉक्टर आले.

पांढऱ्या शर्टात, हसतमुख. त्यांनी गाडीभोवती एक फेरी मारली. हसू मावळलं. खाली वाकून त्यांनी दाराचा ओघळ नखाने खरवडला.

"हे कधीपासून आहे?" त्यांनी रुग्णाला विचारावं तसं विचारलं.

"सकाळपासून," एक्स्पर्ट म्हणाले.

"आतपर्यंत गेलंय का?"

"छे, वरवरचं आहे."

"सगळे असंच सांगतात," डॉक्टर म्हणाले आणि उठायला त्यांनी कोपर गाडीवर टेकलं. ते उठले, बाही जरा उशिरा उठली. पांढऱ्या बाहीवर पिवळी लव, भुसा आणि एक सबंध पान होतं. डॉक्टरांनी त्याकडे बराच वेळ पाहिलं. मग म्हणाले, "मी दुसरी बघतो," आणि चालते झाले.

एक्स्पर्ट पायरीवर मटकन बसले. ब्रश अजून हातातच होता. आजवर बिघडवलेल्या प्रत्येक गोष्टीवर त्यांच्याकडे खुलासा असायचा. आज नव्हता.

"तुझ्यासाठी विकत होतो," ते पुटपुटले. "स्टिअरिंगने तुझा खांदा दुखतो."

बायको त्यांच्या शेजारी पायरीवर बसली.

"खांदा स्टिअरिंगने नाही दुखत. कपाटाचा ड्रॉवर ओढून दुखतो. तुम्ही दुरुस्त केलाय ना, तोच." मग ती म्हणाली, "आणि मला वाटलं, तुम्हालाच नवी गाडी हवीय. म्हणून मी गप्प बसले. रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या."

"मला? नवी? मी तर हिच्याकडे बघायचंही टाळतोय चार दिवस."

आधी ती हसली, मग तेही हसले, आणि हसताहसता तिने पदराने डोळे टिपले. "अहो, एवढी वर्षं झाली," ती म्हणाली, "विचारायचं तरी एकदा मला."

मग ती कोमट पाण्याची बादली आणि जुनी सुती फडकी घेऊन आली. फडकं त्या पाण्यात पिळून थरावर धरायचं, मऊ झालं की अलगद पुसून घ्यायचं. एक्स्पर्टना सूचना मिळत होत्या आणि ते त्या चक्क पाळत होते. ऊन उतरेपर्यंत दोघांनी गाडी पुसली. सशाच्या कानातलं वॅक्स बायकोने पदराच्या टोकाने काढलं. शेवटी जो पातळ थर उरला, त्यात गाडी अशी चमकली, की एक्स्पर्टनी तिच्यात बघून भांग पाडला.

भाजलेल्या बोटाला बर्फ लावावा म्हणून ते आत गेले आणि त्यांनी फ्रीजर उघडला. मटारच्या पिशवीमागे, बर्फाच्या थरात, एक गोल खड्डा होता. बरोबर वॅक्सच्या डब्याएवढा. तळाला डब्यावरची अक्षरंसुद्धा उलटी उमटली होती.

एवढं कळायला काही एक्स्पर्ट लागत नाही. म्हणूनच त्यांना ते कळलं नाही.

"अगं," त्यांनी हाक मारली, "फ्रीजर बिघडलाय. मधेच गोल खड्डा पडतोय. उद्या खोलून बघतो."

बायको बादली रिकामी करत होती.

"बघा," ती म्हणाली, "पण विकायला काढू नका. माझ्या फार उपयोगी पडलाय तो."