पिवळ्या चिठ्ठीचं सामान

साल एकोणीसशे एकोणसत्तर. तेव्हा मी चव्वेचाळीस वर्षांची होते, आणि सामान बांधण्यात माझा हात धरणारं कोणी नाही असा माझा स्वतःबद्दल पक्का समज होता. डोळ्यांच्या दवाखान्यात मी बावीस वर्षं नर्स होते. त्यातली दहा तर वॉर्ड माझ्याच हुकमतीत. चाळीस पेशंट, चाळीस चादरी आणि एकशे साठ पट्ट्या रोज जागच्या जागी ठेवणाऱ्या बाईला एक घर आवरणं म्हणजे काय, डाव्या हातचा मळ! असं मी आमच्या ख्रिस्ती मंडळीतल्या चार बायकांना ऐकवलंसुद्धा होतं. पुढं जे झालं ते मग त्या चौघींनी जन्मभर मला ऐकवलं.

झालं होतं असं की मिशनचं बोलावणं आलं होतं. तीन वर्षं, चार देश. जिथं डोळ्यांचा डॉक्टर कधी पोचलाच नाही अशा गावांतून फिरायचं, शिबिरं भरवायची, आणि आठ-नऊ महिन्यांनी पुढच्या देशात. डॉक्टर मिशनचे तिथं असणार होते. नर्स म्हणून मी आणि चष्मे करायला आमचे हे. यांचं भिंगं घासायचं छोटं दुकान होतं. दिवसभर भिंग घासून घासून हे स्वतःही तसेच गुळगुळीत झाले होते. कुठं खरखर नाही, कुणाशी वाद नाही. आमची एकुलती एक लेक तेव्हा नर्सिंग शिकायला वसतिगृहात होती. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई.

सासूबाई तेव्हा सदुसष्ट वर्षांच्या. आम्ही बोलावण्याची बातमी सांगितली तेव्हा त्या विणत बसल्या होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "जा. प्रभूचं काम आहे." बस्स, एवढंच. मी हजार प्रश्नांची तयारी करून बसले होते, आणि बाईंनी दोन वाक्यांत मला निकालात काढलं. तेव्हाच माझ्या मनात आलं की या रुसल्यात.

मग मला जिथं तिथं रुसवाच दिसायला लागला. रोज पहाटे मोठ्यानं पवित्र शास्त्र वाचणाऱ्या बाई आता ते नुसतं मांडीवर घेऊन बसायच्या. म्हटलं, देवावरही रागावल्या. संध्याकाळच्या उपासनेला येईनाशा झाल्या. म्हटलं, मंडळीनं आपला मुलगा नेला म्हणून अबोला. मी मुद्दाम समोरून गेले तरी माझ्याकडे बघायच्या नाहीत. आणि कळस झाला तो कोटाच्या दिवशी. चारपैकी एक देश थंडीचा होता, म्हणून मिशननं यांच्यासाठी एक जाडजूड लांब कोट पाठवला होता. तो आम्ही बोळातल्या खुंटीला अडकवला. एका दुपारी मी ड्यूटीवरून आले तर सासूबाई त्या कोटापुढं उभ्या राहून त्याला सांगत होत्या, "वेळेवर जेवत जा रे बाबा. तिकडं तुला कोण विचारणार आहे?"

कोट काहीच बोलला नाही. पण त्याच्यात आणि यांच्यात फारसा फरक नव्हता, त्यामुळे सासूबाईंना संशय आला नसावा. मी मात्र पेटले. बायको असताना तुला कोण विचारणार म्हणजे काय? आणि टोमणा मारायचा तर माणसाला मारावा, कोटाला कशाला? यांच्याकडे तक्रार केली. हे म्हणाले, आईचं वय झालंय. मी म्हटलं, वय नाही, तो राग आहे.

अशा वातावरणात मी माझी योजना अंमलात आणली. घरातल्या प्रत्येक वस्तूला दोऱ्यानं एक चिठ्ठी बांधायची. पिवळी चिठ्ठी म्हणजे मिशनच्या पेटीत, जहाजानं पुढं जायचं. पांढरी म्हणजे घरात राहायचं. निळी म्हणजे देऊन टाकायचं. यांनी एकदाच सुचवलं की चिठ्ठीवर वस्तूचं नावही लिहावं. मी त्यांना विचारलं, दवाखान्यात मी बावीस वर्षं काय करतेय? रंग बघितला की काम झालं. लिहीत बसायला वेळ कुणाला आहे? ते बिचारे चिठ्ठ्या कापायला बसले.

चिठ्ठ्या बांधायचं काम मात्र मी सासूबाईंना दिलं. म्हटलं, हाताला काम मिळालं की रुसवा जाईल. मी ड्यूटीवर निघताना सांगून जायचे, चष्म्यांच्या चारशे फ्रेमांना पिवळी, भिंगांच्या खोक्याला पिवळी, पट्ट्यांच्या गठ्ठ्यांना पिवळी, आणि अगदी शेवटच्या दिवशी रोजच्या वापरातल्या सगळ्याला पांढरी. त्या मागच्या खोलीत बसून दिवसभर बांधायच्या. एकदाही कुरकुर नाही. गाठी तर अशा देखण्या की मोठ्या सर्जननं हेवा करावा.

ठरलेल्या दिवशी माझी दुपारची ड्यूटी होती. यांनी हमालाला हाताशी घेऊन पिवळ्या चिठ्ठीचं सगळं सामान पेटीत भरलं, आणि पेटी थेट प्रार्थनामंदिरात पोचवली. मी ड्यूटी संपवून परस्पर तिथंच गेले.

आता आमच्या मंडळीची एक रीत सांगायला हवी. कुणी मिशनला निघालं की त्याची पेटी वेदीपुढं उघडून ठेवायची. पाळक, म्हणजे आमचे पाद्रीबाबा, आतल्या एकेका वस्तूवर हात ठेवून ती कशासाठी आहे ते सांगणार, त्यासाठी आभार मानणार. मग एकेक जण पुढं येऊन आपली छोटी भेट आत ठेवणार, आणि सगळ्यांसमोर खिळे ठोकले जाणार.

आमचे पाळक सत्तरीचे, आवाज भरदार, नजर अधू. त्यांनी पेटीत हात घातला आणि गंभीरपणे म्हणाले, "आणि हे..." मग थांबले. त्यांच्या हातात आमचं पायपुसणं होतं.

पण त्यांनीही जन्मभर पाळकपणा केला होता. ते म्हणाले, "आणि हे, प्रभू, दाराशी येणाऱ्या प्रत्येकाचं स्वागत करण्यासाठी." मंडळी म्हणाली, आमेन. मी पहिल्या बाकावर दगड झाले. पुढं न्हाणीघरातला मग निघाला. त्याच्यासाठी तहानलेल्यांचं वचन सापडलं. इस्त्री निघाली. झाडू निघाला. माझी घरात घालायची ठिगळाची चप्पल निघाली तेव्हा मात्र पाळकांना काही सुचेना. त्यांनी ती उलटसुलट करून बघितली आणि "प्रवासासाठी" एवढंच म्हणाले. तेवढ्यात पेटीच्या तळातून आमच्या गजराच्या घड्याळानं कोकलायला सुरुवात केली. पाळक पेटीत कमरेपर्यंत वाकले तरी ते हाताला लागेना. शेवटी मंडळीनं एक गीत सुरू केलं आणि गजराची किल्ली उतरेपर्यंत म्हटलं. पाच कडवी झाली.

मी दातओठ खात यांना विचारलं, हे काय भरलंत?

"पिवळी चिठ्ठी म्हणजे पेटीत, असं तूच सांगितलंस," हे कुजबुजले. "पायपुसणं बघून मला शंका आली होती. पण मागच्या वेळी शंका काढली तेव्हा काय झालं ते आठवलं."

म्हणजे चारशे फ्रेमा, भिंगं, पट्ट्या सगळं पांढऱ्या चिठ्ठ्या लावून घरात आरामात पडलं होतं! मी सासूबाईंकडे वळले. मनात म्हटलं, हा तर सूड झाला. एक शब्द न बोलता या बाईनं चार देशांचं मिशन उलथवून टाकलं.

तेवढ्यात भेटी ठेवायची वेळ झाली आणि सगळ्यांत आधी सासूबाईच उठल्या. बाकाच्या कडेला हात लावत, सावकाश पुढं गेल्या. त्यांनी आम्हा दोघांसाठी लोकरीचे मोजे विणले होते. पेटीवर त्यांनी ते मांडले. विणकाम असं की एक टाका सुटलेला नाही. पण प्रत्येक जोडीत एक मोजा निळा होता आणि एक काळा.

मंडळी आधीच हसू दाबून बसली होती, ती फुटली. सासूबाईंना कळेना लोक कशाला हसतात. त्याही हसल्या, सगळे हसतात म्हणून; भलत्याच दिशेला तोंड करून.

आणि माझं हसू, राग, लाज सगळं जागच्या जागी थिजलं. निळं आणि काळं. पांढरं आणि पिवळं. बावीस वर्षं मी नव्या नर्सांना हेच शिकवत आले होते की मोतीबिंदू पिकत आला की माणूस वाचन सोडतो, अंधार पडल्यावर बाहेर पडत नाही, आणि मग याच रंगांत घोळ घालतो. अगदी याच क्रमानं शिकवत होते.

मंदिरातून मी सासूबाईंना हात धरून आणलं. घरी येऊन त्यांना खुर्चीत बसवलं आणि डोळ्यांत टॉर्च मारला. दोन्ही बुबुळं दुधासारखी.

"कधीपासून?" मी विचारलं.

"उजवा दोन वर्षं झाली. डाव्यानं आतापर्यंत चाललं."

"आणि सांगितलं नाहीत?"

"सांगितलं असतं तर तू गेली असतीस?" त्यांनी माझा हात चाचपून धरला. "तिकडं माणसं आंधळी होऊन बसलीत, त्यांना तुझ्याशिवाय कोण आहे? मला काय, हे घर पाठ आहे. म्हणजे होतं, बाई. गेले दोन महिने तू रोज ते हलवतेस."

मी रडायला लागले. त्यांनी मलाच समजावलं. वर अटही घातली की आम्ही ठरल्या जहाजानं जायचं, डोळ्यांचं तीन वर्षांनी परत आल्यावर बघू. जहाज नऊ दिवसांवर होतं. ऑपरेशन करून घ्यायचं तर तेव्हा एका डोळ्याला महिना-दीड महिना लागायचा, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून पडून राहायचं. आणि मिशननं दोन माणसांची सोय केली होती, तीन नव्हे. मी एकदा इकडून हिशोब मांडला, एकदा तिकडून. कुठूनही कुणाचे तरी डोळे जातच होते.

आमचे हे इतका वेळ दाराशी उभे होते. ते मागच्या खोलीत गेले आणि एक चिठ्ठी घेऊन आले. सासूबाईंच्या विणकामाच्या पिशवीला त्यांनी ती बांधली, दोन गाठी मारून. सासूबाईंनी बोटांनी चिठ्ठी चाचपली.

"रंग कोणता रे?"

"पिवळा, आई."

त्यांनी गाठ ओढून बघितली. मग म्हणाल्या, "नीट बघून बांधलीस ना? नाहीतर तूही माझ्यासारखाच."

जहाज आमच्याशिवाय गेलं. आम्ही पाच महिन्यांनी दुसरं पकडलं. पहिल्या देशातले ते पाच महिने वाया गेले, आणि तिथं जी माणसं वाट बघून परत गेली असतील त्यांची रुखरुख मला आजही आहे. पाळकांनी मिशनला पत्र लिहून तिसऱ्या माणसाबद्दल विचारलं. उत्तर आलं की उपयोगाचं असेल तर येऊ द्या. त्यावर पाळकांनी काय लिहिलं ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही.

ऑपरेशन आमच्याच दवाखान्यात झालं. आमच्या मोठ्या डॉक्टरीणबाईंनी डोळे तपासले आणि फक्त एवढं विचारलं, "सिस्टर, घरी गेल्यावर तुम्ही स्वतःचे डोळे कुठं काढून ठेवता?" चष्मा यांनी स्वतः घासला, बाटलीच्या बुडासारखा जाड. चष्मा डोळ्यांवर चढला त्या दिवशी सासूबाईंनी पहिल्यांदा पिशवीवरची चिठ्ठी बघितली आणि म्हणाल्या, पिवळीच आहे. मग मुलाचं तोंड बघितलं, भरपूर. मग माझं.

"अगं, तुझे केस कधी पांढरे झाले?" आणि मी डोळे पुसतेय तोवर खोलीभर नजर फिरवून, "आणि एवढी धूळ? तू तर म्हणायचीस घर लख्ख असतं."

तर पुढं कुणाचं काय झालं ते सांगते. उपयोगाचं म्हणाल तर चारही देशांत आमच्यापेक्षा सासूबाईंचाच जास्त झाला. भाषा कुठलीच येत नव्हती. ऑपरेशनला भिऊन दाराशी थबकलेल्या म्हाताऱ्यांसमोर त्या जाऊन बसायच्या, चष्मा काढायच्या, हवेत चाचपायच्या. मग चष्मा घालायच्या आणि समोरचीच्या गालावरचा तीळ अचूक बोटानं दाखवायच्या. की ती म्हातारी आत. दाराशी अंथरायला पायपुसणं होतंच. ते पाळकांनी पेटीतून काढू दिलं नव्हतं. म्हणाले, ज्याच्यासाठी एकदा आभार मानले ते परत घ्यायचं नसतं. सासूबाई चौऱ्याऐंशी वर्षं जगल्या आणि शेवटपर्यंत मला धूळ दाखवत राहिल्या. पाळक आम्ही परतायच्या आधीच गेले. डॉक्टरीणबाई निवृत्त होऊन बागकाम करत. आमचे हे जाऊन नऊ वर्षं झाली. तो कोट अजून खुंटीला आहे. कधीमधी मीही त्याच्याशी दोन शब्द बोलते. आता मला ते टोमण्यासारखं वाटत नाही.

आणि मी? मी ब्याऐंशीची. परवा नात आली होती. माझ्या पायांकडे बघून म्हणाली, "आजी, एक मोजा निळा आणि एक काळा?" मी म्हटलं, आपल्या घरात तशीच पद्धत आहे, पणजीची आठवण म्हणून मुद्दाम घालते. तिला इतकं भरून आलं की तिनं मला मिठीच मारली.

मुद्दाम कसलं. मला दोन्ही काळेच दिसले होते. अजून कुणाला बोलले नाहीये. तुम्हीही बोलू नका.