कॉपर विलोची पालक-कोठडी

कोणताही समाज किती पुढारलेला आहे हे ओळखायचं असेल, तर मुलांच्या खेळात त्याने मोठ्यांची काय सोय केली आहे ते पाहावं. या कसोटीवर कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतातल्या कॉपर विलो गावाचा हात धरणारं कोणी नाही. गावातली शाळा बंद पडली, डॉक्टर आठवड्यातून एकदा येतो (आला तर), हिवाळ्यात पारा उणे पस्तिसाखाली जाऊन बसतो. पण 'सात नद्या ज्युनियर आइस हॉकी लीग' अखंड चालू आहे. नद्या प्रत्यक्षात दोनच आहेत. मात्र लीग स्थापन झाली तेव्हा संघ सात होते आणि कोणालाही नदीवाचून ठेवणं बरं दिसलं नसतं.

या लीगचा इतिहास ऐकावा तो गार्नेट होलोवाचकडून. गार्नेट हा लीगचा अध्यक्ष, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचा दुकानदार आणि दोन मुलांचा बाप; याच क्रमाने. त्याच्या मते खरा सुवर्णकाळ गोठलेल्या तळ्यावरचा. तेव्हा लोक बर्फाभोवती मोटारी उभ्या करून, काचा वर करून आत बसत आणि गोल झाला की हॉर्न वाजवत. पंचाविषयी कोणाचं काय मत आहे ते ज्याच्या त्याच्या मोटारीतच राहत असे. मग गावाने वर्गणी काढून बर्फावर छप्पर घातलं. मोटारी बाहेर राहिल्या, आणि आपल्याला आवाज आहे हे लोकांना प्रथमच समजलं.

पुढे या आवाजाची भरभराट झाली. पंच बहुतेक सतरा-अठरा वर्षांची पोरं असत. लीगने केलेल्या पाहणीनुसार एका सामन्यात पंचाला सरासरी त्रेचाळीस वेळा आंधळा आणि एकोणीस वेळा विकला गेलेला ठरवलं जाई. (एकच पंच दोन्ही संघांना विकला गेल्याचं नऊ सामन्यांत आढळलं. यावरून गावाची व्यापारी जाण दिसून येते.) कोवळी पोरं हा सन्मान पेलू शकली नाहीत. एकेक करून ती सोडून गेली. एक जण तर शांतता हवी म्हणून सैन्यात भरती झाला.

तेव्हा समितीची बैठक बसली. खायला बटाट्याच्या पिरोगी (उकडलेल्या करंज्याच म्हणा) होत्या, त्यामुळे चर्चा बराच वेळ शांततेत झाली. ती शांतता मोडली धावफलकावर, म्हणजे गोलफलकावर बसणाऱ्या बेरिल झालेस्कीबाईंनी.

"पोरगा चुकला की त्याला दोन मिनिटं कोठडीत बसवतो ना आपण? मग त्याच्या बापाला बसवायला काय धाड भरलीय?"

ठराव एकमताने मंजूर झाला, कारण प्रत्येक सदस्याच्या डोळ्यांसमोर दुसरा सदस्य होता.

स्केट्सच्या पात्यांना धार लावायची जुनी खोली बर्फाला लागूनच होती. बर्फाकडच्या बाजूला काच लावून तिची पालक-कोठडी केली. नियम सुटसुटीत होते. ओरडल्यास दोन मिनिटं, पंचाच्या आईचा उल्लेख केल्यास पाच, दुसऱ्यांदा ओरडल्यास किंवा ओरडणारा समितीचा सदस्य असल्यास दहा. बर्फावर वस्तू फेकल्यास ती खाण्याजोगी आहे की नाही हे पाहून निर्णय. कैद्यांना थंडीत ठेवणं माणुसकीला धरून नाही म्हणून आत हीटर बसवला, आणि हीटर आहे म्हटल्यावर कॉफीचं यंत्र आलंच.

बाहेरची बाकं लाकडी होती आणि त्यांवर बसलं की कंबर धरायची. महिन्याभरात लोक आत येत, कोट काढत, पंचाला गाढव म्हणत आणि हात शेकायला कोठडीत जाऊन बसत. गुडघेदुखीच्या आजीबाई तर पंचाला जवळ बोलावून हळूच म्हणत, "बाळा, तू मूर्ख आहेस हं," आणि तोच त्यांना हात धरून आत पोचवी. देणगीदार पुढे आले. उशा आल्या, भिंतीवर पितळी पाटी आली, आणि हंगामाचा पासही निघाला. जागा अपुरी पडू लागली तेव्हा पाहुण्या संघाची कपडे बदलायची खोली कोठडीत घेतली. दोन्ही संघ एकाच खोलीत कपडे बदलू लागले. मुलांनी तक्रार केली नाही. उलट त्यांच्या ओळखी झाल्या. समितीने याची गंभीर दखल घेतली.

त्या वर्षी अंतिम सामना आला कॉपर विलो आणि केटल बेंड यांच्यात. लीगचं विजयचिन्ह म्हणजे बंद पडलेल्या डेअरीची दुधाची भली मोठी किटली. होलोवाचांच्या तीन पिढ्या या किटलीला हात न लावता म्हाताऱ्या झाल्या होत्या. आता गार्नेटचा मुलगा लोर्न संघात होता आणि ही त्याची शेवटची मॅच होती. वसंतात तो वेल्डिंग शिकायला रजायना शहराला जाणार होता. या सामन्यासाठी गार्नेटने दुकान बंद ठेवलं, जे त्याने स्वतःच्या लग्नातही ठेवलं नव्हतं.

अडचण एकच: पंच मिळेना. लीगमध्ये शिट्टी हाती धरणारं एकच माणूस उरलं होतं, गार्नेटची मुलगी नोरीन. नात्यातला पंच चालत नाही असा नियम होता. पण नियमासाठी सामना रद्द करणं परवडणारं नव्हतं, म्हणून समितीने नात्याची व्याख्या बदलून 'ज्यांचं आपसात बोलणं आहे असे' अशी केली. नोरीन पंच झाल्यापासून गार्नेट आणि ती त्यात बसत नव्हते.

सकाळी न्याहारीला मात्र ती बोलली.

"बाबा, आज तू ओरडलास ना, तर सगळ्यांच्या आधी तुला आत घालीन."

"अगं, मी अध्यक्ष आहे."

"म्हणूनच दहा मिनिटं."

"त्याला जातानाच आत सोडून ये ना," लोर्न म्हणाला. "उगाच हेलपाटा नको." सगळे हसले. मग बूट चढवता चढवता तो हळूच म्हणाला, "बाबा, शेवटची मॅच आहे रे. एकदा नुसती बघ ना. बोलू नकोस काही. नुसती बघ."

गार्नेटला ठसका लागला. त्याने त्याचा ठपका टोस्टवर ठेवला.

आणि खरंच तो लाकडी बाकावर, तोंडाला मफलर गुंडाळून बसला. कोठडीतली त्याच्या नावाची खुर्ची रिकामी राहिली. खेळ पुढे गेला तसं त्याला दिसलं की लोर्न वळताना जीभ दातांखाली धरतो. बारा वर्षांत त्याला हे माहीत नव्हतं, कारण इतकी वर्षं तो पंचाकडे बघत होता. पोरगा किती सुंदर खेळत होता! गार्नेटला आनंद झाला, आणि तो कसा व्यक्त करायचा हे ठाऊक नसल्यामुळे त्याने मफलरचा आणखी एक वेढा घेतला.

तिसरा डाव चालू होता. दोन्हीकडे दोन-दोन गोल होते आणि सामना संपायला आठ मिनिटं उरली होती. तेवढ्यात केटल बेंडचा वेंडेल प्रोकोप बाकावर चढून ओरडला, "ए आंधळे! शिट्टी घशात अडकली काय गं?"

गार्नेटने मफलर ओढून काढला. "माझ्या पोरीला आंधळी म्हणतोस? अरे, तिच्यासारखा पंच या लीगने जन्मात पाहिला नाही!"

लीगच्या इतिहासात पंचाची जाहीर स्तुती ही पहिलीच. शिट्टी वाजली. खेळ थांबला. वेंडेलला दोन मिनिटं मिळाली.

"बाबा, दहा."

"अगं पण मी तुझ्या बाजूने ओरडलो!"

"नियमात बाजू नाहीये, बाबा." तिचा हात कोठडीकडेच होता.

"बरोबर केलंस गं नोरीन!" झालेस्कीबाई खुर्चीतून ओरडल्या. त्याही आत गेल्या. मग या अन्यायाच्या बाजूने आणि विरुद्ध जे जे बोलले ते सगळे आत गेले, आणि बाकं ओस पडली.

कोठडीत आता दोन्ही गावं मावली होती. हीटर चालू, सगळे एकदम ओरडत होते; आणि हे दुसऱ्यांदा ओरडणं असल्यामुळे सगळ्यांचीच दहा मिनिटं झाली. बघता बघता काच वाफेने पांढरी झाली. लोकांनी बाह्यांनी पुसली आणि 'नीट पूस की!' म्हणून एकमेकांवर ओरडले, तशी ती पुन्हा पांढरी झाली. गार्नेटने काचेला कान लावला. पाती घासल्याचा, काठ्या आपटल्याचा आवाज येत होता, आणि मध्येच हसण्याचा. हा हसण्याचा आवाज त्या छपराखाली कोणी ऐकला नव्हता.

दार उघडलं तेव्हा सामना संपला होता. दोन्ही संघांची पोरं बर्फावर सरमिसळ बसून किटलीतून चॉकलेटचं दूध पीत होती. गोलफलकावर दोन-दोनच होते, कारण तो बदलणाऱ्या बाई आत होत्या.

"कोण जिंकलं?" सगळे एका सुरात म्हणाले.

"मस्त झाली मॅच," लोर्न ओठावरचं दूध पुसत म्हणाला.

"अरे, पण जिंकलं कोण?"

पोरांनी एकमेकांकडे बघितलं आणि ती फिदीफिदी हसायला लागली. नोरीन स्केट्सच्या नाड्या सोडत होती. "बघितलं असतंत तर कळलं असतं," ती म्हणाली. गार्नेटला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. पण चौकशी समिती नेमायची असल्यामुळे त्याला घाईने जावं लागलं.

समिती आजही काम करते आहे. पोरं पांगली, त्यांनी अजून तोंड उघडलेलं नाही. लोर्न शेवटच्या आठ मिनिटांत कसा खेळला, हे मात्र आजवर एकानेही विचारलेलं नाही. आणि वाचकहो, तुम्हीही गेला बराच वेळ ओठांवर तोच 'कोण जिंकलं?' घेऊन बसला आहात, दिसतंय मला. या, कोठडीत थोडी जागा आहे. कोट बाहेरच काढून ठेवा, आत फार गरम होतं.