उजवा कौल, दापोलीची फ्लॉपी

आपल्या हातून चूक होत नाही, असं लवू नाचणकर दिवसातून तीनदा सांगायचा. चौथ्यांदा सांगायला त्याची बायको विमला सवड द्यायची नाही, म्हणून तीनदाच!

रत्नागिरीतल्या एका मच्छीमार संघात तो कारकून. एकोणनव्वद साली संघात कॉम्प्युटर आला आणि लवूचे पाय जमिनीला लागेनासे झाले. चार महिने एका बोटाने टाइप करून त्याने सहाशे बारा होड्या त्या डब्यात भरल्या. होडी कोणाची, इंजिन कुठलं, होडी हाकणारा तांडेल कोण, सगळं! अध्यक्ष आप्पा मयेकरांनी शब्द दिला होता की चौदा ऑक्टोबरला, शनिवारी, मत्स्य खात्याचे साहेब येतील, त्यांच्यासमोर यादी छापून निघाली की लवूच्या टेबलावर 'कॉम्प्युटर इनचार्ज' अशी पाटी लागेल. आणि नाहीच निघाली, तर लवूची बदली हर्ण्याच्या डेपोत, बर्फाच्या लाद्यांवर देखरेख करायला!

"मी हर्ण्याला यायची नाही," विमलेने सांगून टाकलं. "आपल्या राहीची शाळा इथे आहे. तुम्ही जा आणि बर्फावर झोपा!"

तर सगळं सुरळीत चाललं होतं. पण दसऱ्याच्या आठ दिवस आधी पेपरात बातमी आली की शुक्रवारी, तेरा तारखेला, एक व्हायरस जगभरातले कॉम्प्युटर धुऊन पुसून साफ करणार आहे. आप्पा पेपर घेऊन धावतच आले.

"लवू, हे काय नवीन?"

"काही नाही हो आप्पा, चोर प्रोग्राम असतो तो. फ्लॉपीतून आत शिरतो, गप्प बसून राहतो आणि ठरलेल्या तारखेला घर साफ करतो."

"अरे देवा! मग?"

"मग त्याला पकडणारा दुसरा प्रोग्राम आणायचा. मुंबईच्या कंपन्या विकतात."

"विकतात?" आप्पांनी चष्मा काढला. पैशाची गोष्ट निघाली की ते चष्मा काढत, म्हणजे समोरचं दिसायलाच नको! "फुकट नाही मिळत?"

"मिळतो की. लोक एकमेकांना कॉपी करून देतात."

"मग फुकटातलाच आण. पण खात्रीचा हवा हां!"

फुकट आणि वर खात्रीचा! मंडळी, असा तर जावईसुद्धा मिळत नाही. पण लवूने छाती पुढे काढली. "सोडा ते माझ्यावर. आपल्या हातून चूक होत नाही!"

दसऱ्याला फ्लॉप्या आल्या. एक नाही, दोन! पहिली आणली लवूच्या मावसभावाने, बाबल्याने. बाबल्या मुंबईला फोर्टातल्या एका हापिसात शिपाई.

"साहेब चहाला गेले तेवढ्यात कॉपी मारून घेतली," तो म्हणाला. "एकदम ओरिजनल!"

"अरे, कॉपी ती ओरिजनल कशी?"

"फोर्टातली कॉपी म्हणजे ओरिजनलच रे!"

दुसरी आणली आप्पांच्या भाच्याने, दादूने. तो दापोलीला शेतकी शिकायचा. त्याच्या फ्लॉपीवर लाल शाईने 'औषध' असं लिहिलं होतं. रूमवरच्या मित्राने दिली म्हणे. फ्लॉपी मामाच्या हातात ठेवून दादू बुधवारच्या एसटीने परत गेलासुद्धा.

आता आली पंचाईत! अध्यक्षांच्या भाच्याला नाही म्हणावं तर हर्णे, आणि मावसभावाला नाही म्हणावं तर मावशी उंबरठा चढू द्यायची नाही. लवूने संघाची मीटिंग बोलावली आणि तिथे जो कल्ला झाला तो थेट मिरकरवाड्याच्या धक्क्यापर्यंत ऐकू गेला.

"मुंबईची घाला! मुंबईला सगळं आधी येतं!"

"रोगपण आधी तिथेच येतात! दापोलीची घाला, शिकलेल्या पोराची आहे!"

"दोन्ही घाला की!"

"दोन वैद्यांची औषधं एकदम घेतलीस तर जगशील का रे तू?"

तासभर हेच चाललं. शेवटी आवडाबाई उठल्या. मासळीच्या व्यापारात उभा जन्म गेलेली बाई, पदर खोचला की लिलाववालासुद्धा गप्प व्हायचा.

"होडी पाण्यात घालताना देवाला विचारता," त्या म्हणाल्या. "पोरीचं लगीन ठरवताना विचारता. मग ह्या डब्याला काय सोनं लागलंय? कौल लावा!"

झालं! सगळ्यांनी माना डोलावल्या. लवूच्या मनात आलं की फ्लॉपी आधी दुसऱ्या कुठल्या मशीनवर घालून बघावी. पण रत्नागिरीत दुसरं मशीन शोधणार कुठे, आणि देवापेक्षा मशीन मोठं, हे आवडाबाईंना सांगणार कोण?

गुरुवारी सकाळी सगळा संघ देवळात. धाकू गुरवाने देवाच्या दोन्ही खांद्यांवर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर दापोली, डावी पडली तर मुंबई. मग हात जोडून त्याने गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा म्हाराजा! ही तुझी लेकरां आज काम्पुटर घेऊन तुझ्या पायाशी आली हत..."

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"जो कोणी चोर ह्या डब्यात शिरात, त्याचां तोंड काळां कर आणि खऱ्या फ्लॉपीला उजवां दे..."

"व्हय म्हाराजा!"

पाच मिनिटं झाली, दहा झाली. पाकळ्या हलेनात. आप्पांना खोकला आला.

"खोकू नका!" धाकू ओरडला. "देवाला ढकलताव काय?"

आप्पांनी खोकला गिळला, डोळ्यांतून पाणी काढलं, आणि तेवढ्यात उजवी पाकळी टपकन पडली. दापोली! ढोल वाजला. बाबल्या तेवढा पुटपुटला, "देव कधी फोर्टात गेलाय थोडाच!"

इथपर्यंत ठीक होतं. पण धाकूने ती फ्लॉपी देवाच्या पायावर ठेवली, वर पळीभर तीर्थ शिंपडलं, कुंकू लावलं, आणि मधल्या भोकात चिमूटभर अक्षता भरल्या.

"धाकूदादा, आत नको!" लवू किंचाळला. "तिला ओलं चालत नाही!"

"लवू!" आप्पांनी डोळे वटारले. "देवाच्या कामात खोडा घालू नको!"

हापिसात येऊन लवूने फ्लॉपी रुमालाने पुसली, पंख्याखाली धरली, जीव मुठीत धरून मशीनमध्ये घातली. आतून आवाज आला तो जात्यात नाचणी भरडल्यासारखा! घर्रर्र, खट्! पडद्यावर उमटलं की वाचता येत नाही. पुन्हा घातली. घर्रर्र, खट्! तिसऱ्यांदा तर पुढचा दिवाही लागला नाही. चोराला पकडणारा बाहेर, चोर असलाच तर आत, आणि दार बंद!

दाराबाहेर सगळा संघ नारळ घेऊन उभा.

"काय रे लवू? बसलं का औषध?"

लवूने दाराच्या फटीतून तोंड काढलं. "ब... बसलं!"

नारळ फुटला. पेढे वाटले.

लवूने घरी येऊन विमलेला सगळं सांगितलं. तो खरंच घाबरला होता. ताटात तळलेली सुरमई होती आणि त्याने तिला हातसुद्धा लावला नाही.

"मग खरं सांगा की आप्पांना," विमला म्हणाली.

"काय सांगू? देवाच्या अक्षतांनी मशीन बिघडलं म्हणून? आवडाबाई मला सुकटीसारखं वाळत घालतील!"

विमला उठली. तिने माळ्यावरून वळकटी काढली. एकाच माणसाची!

शुक्रवारी लवूने कोणाला मशीनजवळ फिरकू दिलं नाही. वीज तोडली, वायर काढून पिशवीत घातली आणि ती पिशवी दिवसभर मांडीवर घेऊन बसला.

शनिवारी साहेब आले. लवूने मनातल्या मनात देवाला कोंबडा कबूल केला आणि बटण दाबलं. पडदा उजळला. प्रिंटर किरकिरला. आणि काय सांगू मंडळी, होडी एक, होडी दोन, करता करता सहाशे बाराच्या सहाशे बारा होड्या ओळीने कागदावर उतरल्या! लवूच्या डोळ्यांत पाणीच आलं.

"वा!" साहेब म्हणाले. "कालच्या त्या व्हायरसचं काही झालं नाही वाटतं?"

लवूची मान ताठ झाली. "खात्रीचं औषध निवडलं, साहेब. फुकटात! आपल्या हातून चूक होत..."

"मामा!" दारात दादू उभा. दापोलीच्या एसटीतून उतरून धावत आलेला, केसांत मूठभर धूळ. "मामा, ती फ्लॉपी घातली नाही ना?"

"घातली की! गुरुवारीच!"

दादूने मटकन बसकण मारली. "अहो, चोर त्या फ्लॉपीतच आहे! मित्राने स्वतःच्या मशीनवर घातली होती. काल सकाळी सगळं पुसलं गेलं. औषध नव्हतं ते, रोगच होता!"

सगळ्यांनी लवूकडे पाहिलं. लवूने साहेबांकडे पाहिलं, मग छताकडे, आणि शेवटी कबूल केलं की फ्लॉपी आत गेली, पण चाललीच नाही. त्याने मशीनची फ्लॉपी घालायची पेटी स्क्रू काढून उपडी केली. टेबलावर टप्पकन एक दाणा पडला. कुंकवाने लाल झालेला तांदूळ!

आवडाबाईंनी हात जोडले. "देव वाटेत आडवा झाला गो बाय!"

"पण मग त्या चोराला उजवा कौल दिलाच कशाला?" बाबल्याने विचारलं. त्याची तर दुखती नस होती.

"शाणाच हस!" धाकू गुरव म्हणाला. "चोराला आधी समोर बोलवायला नको? देवान बोलावलान, आणि दारातच धरलान!"

यावर साहेबांनीसुद्धा हात जोडले. बाबल्याच्या फ्लॉपीत पुढे मोटारींच्या शर्यतीचा खेळ निघाला, पण ते कोणी मनावर घेतलं नाही.

हर्णे टळलं. विमलेने वळकटी माळ्यावर टाकली. सोमवारी लवू इस्त्रीचा शर्ट घालून अर्धा तास आधीच हापिसात पोचला. आप्पा शब्दाचे पक्के, पाटी आली होती. पिवळ्या रंगावर लाल अक्षरं, 'कॉम्प्युटर इनचार्ज', आणि खाली ठळक नाव...

श्री. धाकू गुरव!

तेव्हापासून दर गुरुवारी धाकू येतो, मशीनला हळदकुंकू लावतो, फटीत एक अक्षत टाकतो आणि चहा पिऊन जातो. शुक्रवारी सकाळी लवू विमलेचा भुवया कोरायचा चिमटा घेऊन तो तांदूळ बाहेर काढतो. तेवढ्या कामात मात्र त्याच्या हातून अजून एकदाही चूक झालेली नाही!